नववा रकाना

फादर लुकस खुर्ची मागं सरकवून उठले आणि एक शब्दही न बोलता हॉलच्या बाहेर निघून गेले.

मी मार्कर हातात धरून तशीच उभी राहिले. ट्रेनिंगच्या कामात तीस वर्षं काढली. माझ्या सेशनमध्ये लोक झोपलेत, बाकाखाली मोबाइल धरून क्रिकेट बघितलंय. वाळूजच्या एका सुपरवायझरनं तर भर वर्गात मला विचारलं होतं की तुम्ही कधी मशीन चालवलीय का. पण रोल प्ले अर्ध्यावर टाकून कुणी उठून गेलं नव्हतं. तेही सत्तरीचे, अख्ख्या वर्गात सगळ्यात नम्र असलेले गृहस्थ.

उरलेले पंचवीस जण माझ्याकडे बघत होते. साड्यांतल्या सिस्टर, साध्या शर्ट-पँटमधले फादर. चपला घालून देवघरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं. रागानं नाही, पण आता हिला कोण सांगणार, अशा नजरेनं. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि चहाची सुट्टी दहा मिनिटं आधीच जाहीर करून टाकली.

मी माधुरी पाटोदेकर. उस्मानपुऱ्यात राहते. वाळूजच्या एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात होते, निवृत्त झाल्यापासून स्वतंत्र कामं घेते. अप्रेझल हा माझा हातखंडा विषय. म्हणजे माणसाच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन कसं लिहायचं आणि त्याला ते तोंडावर कसं सांगायचं. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कागद काळे करण्याचंच काम. पणजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, आजोबा तहसिलीत. त्यामुळं एखादा चांगला फॉर्म तयार करताना मला जो आनंद होतो, तो बाकीच्यांना दिवाळीच्या खरेदीत होत असावा.

पडेगावला, दौलताबाद रस्त्यावर, कॅथलिक पंथाचं एक प्रशिक्षण केंद्र आहे. फादर किंवा सिस्टर व्हायला निघालेली मुलं-मुली आधी काही वर्षं तयारीत काढतात. या तयारीला ते लोक फॉर्मेशन म्हणतात, म्हणजे घडण. ज्यांच्या हाताखाली ती घडतात ते फॉर्मेटर. मुलीनं व्रत घ्यायचं की आपल्या घरी परत जायचं, हे बरंचसं फॉर्मेटरच्या रिपोर्टवर ठरतं. अशा फॉर्मेटर लोकांना पाच दिवस शिकवायला केंद्राच्या संचालक सिस्टरनी मला बोलावलं होतं. रिपोर्ट कसा लिहावा, अवघड गोष्ट कशी बोलावी, बैठक कशी चालवावी. धर्माचं ते बघणार, कागदाचं मी.

पहिल्याच दिवशी मी तोंडावर पडले होते. कारखान्यात नेहमी चालणारा एक प्रश्न मी विचारला, "तुमच्यापैकी कुणाकुणाला पुढं प्रमुख व्हायला आवडेल?" एकही हात वर झाला नाही. मला वाटलं, लाजतायत. मग कळलं की यांच्यात पद मागायचंच नसतं. पत्र येतं, की अमुक तारखेपासून तुम्ही तमुक गावी, तमुक जबाबदारीवर. पत्र वाचायचं आणि बॅग भरायची. स्वतःहून हात वर करणारा माणूस त्यांच्या लेखी आधीच नापास. मी मनातल्या मनात माझे अर्धे गेम रद्द केले आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आपल्याला नवा देश सापडलाय. शहराच्या वेशीवर, घरापासून अर्ध्या तासावर.

तिसऱ्या दिवशीचा तो रोल प्ले साधा होता. थॉमस नावाचा एक काल्पनिक मुलगा फादर व्हायला निघालाय. त्याला पुढं जाऊ द्यायचं की नाही, यावर पाच जणांनी बैठक घ्यायची. प्रत्येकाला मी एक कार्ड दिलं होतं. फादर लुकसना दिलं आध्यात्मिक मार्गदर्शकाचं, कारण हे काम त्यांनी खरोखरच वीस वर्षं केलेलं. थॉमस ज्याच्याकडे मन मोकळं करतो तो माणूस. थॉमसनं त्यांना काय काय सांगितलं, तेही मी कार्डावर लिहून दिलं होतं. बैठक छान रंगली. बाकीचे चौघं बोलले. मी फादरना म्हटलं, "तुम्ही तर त्याला सगळ्यात जास्त ओळखता. तुमचं मत काय?" ते नुसते हसले. मी परत विचारलं. मग मला चेव आला. म्हटलं, "बोलायचं नसेल तर निदान मान तरी हलवा, हो की नाही." तेव्हा ते उठले.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना शोधत गेले. नळापाशी बाटली भरत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच आधी म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम. उठायलाबी नको व्हतं. उठून गेलो म्हणजे बी लोकांना काहीतरी कळतंच. पण तुम्ही मान हलवा म्हणलात, मग मला सुचंना."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला तीस वर्षं कुणी कसं सांगितलं नाही, असं वाटलं. माणसाबद्दल दोन प्रकारची माहिती असते. एक दिसणारी. तो वेळेवर उठतो का, भांडतो का, आजारी माणसाजवळ बसतो का. ही कुणीही बघावी, कुणीही लिहावी. दुसरी त्यानं विश्वासानं सांगितलेली. ती जिथं सांगितली तिथंच संपते. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली देताना सांगितलेलं तर सोडाच, पण नुसतं मन मोकळं करायला सांगितलेलंही रिपोर्टात जात नाही. जो ऐकतो त्यानं निकाल द्यायला बसायचं नाही. चांगलं ऐकलं असलं तरी नाही. कारण आज चांगलं आहे म्हणून बोललो आणि उद्या गप्प बसलो, तर गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना लागतो.

मला खरं तर लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त मला उत्साह चढला. कारखान्यात आम्ही कागदाच्या माथ्यावर लाल अक्षरांत 'गोपनीय' छापायचो आणि तो कागद जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन विभागांत फिरून यायचा. आणि इथं एक म्हातारा माणूस रोल प्लेमधल्या खोट्या थॉमसचं खोटं गुपितसुद्धा फोडायला तयार नव्हता. मी तिथंच, नळापाशी, पुढच्या दोन दिवसांचं सगळं बदलून टाकायचं ठरवलं.

चहा घशाखाली ओतून मी हॉलमध्ये शिरले. सगळ्यांना माझा फॉर्म काढायला लावला. हा फॉर्म मी त्यांना महिनाभर आधी पाठवला होता. आपल्या हाताखालच्या एका खऱ्या उमेदवाराबद्दल, फक्त नाव बदलून, भरून आणा, असा गृहपाठ होता. त्यातला नववा रकाना असा, 'उमेदवाराबद्दल आपल्याला असलेली इतर माहिती. वैयक्तिक, कौटुंबिक, मानसिक.' माझा फार लाडका रकाना. कारखान्यात यातूनच खरी मसालेदार माहिती बाहेर पडायची.

"हा रकाना फाडा," मी म्हटलं. "माझी चूक होती. पट्टी लावून फाडा, म्हणजे बाकीचा कागद शाबूत राहील."

एकदम हशा पिकला. ट्रेनिंग देणारी बाई स्वतःचाच कागद फाडायला लावते, हे त्यांना फारच आवडलं. फादर लुकस मागच्या दारानं परत आले होते, तेही फाडायला बसले. टरटर आवाज, कागदाच्या पट्ट्या, हसू. मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

एकटी सिस्टर अर्चना फाडत नव्हती.

ती जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वय पस्तिशीच्या आसपास. तीन दिवसांत ती वर्गात एकदाही आपणहून बोलली नव्हती. तिच्याकडे नोव्हिस मुलींची जबाबदारी होती. नोव्हिस म्हणजे पहिलं व्रत घेण्याच्या उंबरठ्यावरची मुलगी. आधीच्या सिस्टर अचानक आजारी पडल्या म्हणून वर्षापूर्वी हिला पत्र आलं आणि काम गळ्यात पडलं. आधी काम, ट्रेनिंग नंतर. हे मात्र अगदी आमच्या कारखान्यासारखं.

मी तिच्याजवळ गेले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझा फॉर्म गेला."

"कुठं गेला?"

"सिस्टर प्रोव्हिन्शियलकडं. सोमवारी ईमेल केला. खरं नाव घालून."

प्रोव्हिन्शियल म्हणजे त्यांच्या संस्थेच्या या भागातल्या सगळ्या घरांच्या प्रमुख. मी तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि सगळं विचारून घेतलं. निर्मला नावाची तिची एक नोव्हिस होती, भोकरदनकडची. पाच वर्षांपासून सिस्टर होण्याचं एकच डोक्यात घेतलेली. तिला व्रत द्यायचं की नाही, यावर शनिवारी प्रोव्हिन्शियल आणि त्यांच्या कौन्सिलच्या चार सिस्टर मतदान करणार होत्या. त्यांनी रिपोर्ट मागितला होता. माझा फॉर्म हाताशी होताच, आणि अर्चनाला तो फार शिस्तीचा वाटला. तिनं गृहपाठाचा कागद वेगळा न करता तोच भरला आणि तोच पाठवला. नवव्या रकान्यात तिनं निर्मलानं एका संध्याकाळी रडत रडत तिला सांगितलेली गोष्ट लिहिली होती.

"पण लिहिलंत कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तिथं विचारलं व्हतं ना, मॅडम. मला माहीत असून रकाना रिकामा ठेवला असता तर ते खोटं झालं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनी तिला समजून घ्यावं म्हणून लिहिलं. तिला घालवावं म्हणून नाय."

कारखान्यातला माणूस फॉर्ममध्ये नको तो रकाना दिसला की सरळ 'लागू नाही' लिहून मोकळा होतो. ही मुलगी आज्ञा पाळायचं व्रत घेतलेली. कागदानं विचारलं, हिनं उत्तर दिलं. आणि तो कागद माझा होता.

तिनं फाइल उघडली. आत फॉर्मची प्रत होती. "वाचता का? वाचलं तर कळंल किती बिघडलंय ते."

खोटं कशाला सांगू, माझा हात पुढं गेला होता. मी स्वभावानं भोचक आहे. दुसऱ्याच्या फाइलीत डोकावण्यावर माझी अख्खी नोकरी झाली. पण अर्ध्या तासापूर्वी नळापाशी ऐकलेलं अजून ताजं होतं. मी हात मागं घेतला आणि तिला एवढंच विचारलं, "हे वाचून कौन्सिल तिला नको म्हणेल?"

"वाचणारं कुणीबी म्हणंल," ती म्हणाली.

मग माझ्यातली मॅनेजर जागी झाली. मी भराभर सांगितलं की आत्ताच्या आत्ता प्रोव्हिन्शियलना फोन लावा, ईमेल उघडू नका म्हणून सांगा, उघडली असेल तर पुढं पाठवू नका म्हणावं. आधी कागद थांबवायचा, माणसांचं नंतर बघू. नुकसान झालं की आधी लाइन बंद करायची, हा आमचा नियम.

"नाय, मॅडम," सिस्टर अर्चना म्हणाली. "आधी निर्मलाला सांगते. ते तिचं व्हतं."

मी वाद घातला. तासाचा प्रश्न आहे, म्हटलं. ईमेल काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे का. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, पण हलवत होती ती आडवी. तीन दिवस मी नेतृत्व, नेतृत्व म्हणून घसा कोरडा केला होता, आणि वर्गातली सगळ्यात गप्प बाई माझ्यासमोर मला ठाम नाही म्हणत होती. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शेवटी मीच म्हटलं, "चला, माझ्या गाडीत बसा." दुपारचं सत्र फादर लुकसनी सांभाळायचं कबूल केलं. त्यांनी कारण विचारलं नाही. संचालक सिस्टरनी आम्हाला जाऊ दिलं.

नोव्हिस मुलींचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याच्याही पुढं, जालना रोडला होतं. छावणी, नगर नाका, क्रांती चौक. एप्रिलचं ऊन, गाडीचा एसी नावापुरता. मी सिग्नलला चुळबुळत होते आणि तिला शिकवत होते. आधी काय घडलं ते सांगा. मग आपली जबाबदारी कबूल करा. मग समोरच्याला बोलू द्या. अवघड संभाषणाच्या तीन पायऱ्या, माझं ठरलेलं सेशन आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठ करून बोलले तर तिला लगेच कळंल, मॅडम." त्यानंतर सिडको येईपर्यंत मी तोंड मिटून गाडी चालवली.

घराच्या गच्चीवर मुली कुरडया घालत होत्या. निर्मला खाली आली ती कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं माखलेली. बावीस-तेवीसची, उंच, भुवया जोडलेल्या. मला बाहेरच्या खोलीत बसवून सिस्टर अर्चना तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. अर्चना बोलत होती. निर्मला हात अंगापासून लांब धरून उभी होती, चीक साडीला लागू नये म्हणून. पाच मिनिटंही झाली नसतील. निर्मला वळली आणि जिन्यानं वर निघून गेली.

सिस्टर अर्चना आत आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणली, चीक गार व्हायच्या आत कुरडया घालून येते."

आम्ही थांबलो. मला थांबता येत नाही. तरी पाऊण तास बसले. वरून सोऱ्या दाबल्याचा आणि मुलींच्या पावलांचा आवाज येत होता. माझ्या मनात ईमेल इकडून तिकडं चालली होती. सिस्टर अर्चना मांडीवर हात ठेवून बसली होती. ती प्रार्थना करत होती की नुसती घाबरली होती, मला सांगता येत नाही. तिलाही वेगळं करून सांगता आलं नसतं.

निर्मला हात धुऊन आली. पदरानं पुसत समोर उभी राहिली आणि म्हणाली, "किती जणींनी वाचलं?"

"मला माहीत नाय," अर्चना म्हणाली. "आता तुझ्यासमोर इचारते."

मग निर्मलानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वाचलंत का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण एवढ्या आनंदानं 'नाही' मी कधीच म्हटलं नसेल. व्हरांड्यात माझा हात दोन इंच आणखी पुढं गेला असता तर मला हे म्हणता आलं नसतं. तिनं मान डोलावली आणि बसली.

प्रोव्हिन्शियलना फोन लागला. सिस्टर अर्चनानं एका दमात सगळं सांगून टाकलं. मी शिकवलेल्या तीन पायऱ्यांतली एकही त्यात नव्हती. मी चुकले, जे लिहायचं नव्हतं ते लिहिलं, ते मागं घेते, निर्मला समोर बसलीय. मग प्रोव्हिन्शियल बोलत राहिल्या आणि अर्चना नुसती "व्हय सिस्टर, व्हय सिस्टर" करत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते.

प्रोव्हिन्शियलनी रिपोर्ट वाचला होता. कौन्सिलच्या चौघींना त्याच दिवशी संध्याकाळी पाठवणार होत्या. आता पाठवणार नव्हत्या. शुक्रवारपर्यंत नवा रिपोर्ट द्यायचा होता, फक्त डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींचा. आणि शेवटचं अर्चनानं निर्मलाला त्यांच्याच शब्दांत सांगितलं, "त्या म्हणल्या, मी वाचलंय ते आता न वाचल्यासारखं करता यायचं नाय. म्हणून तुझ्या मतदानाला मी बसणार नाय. त्या चौघी ठरवतील."

मी थक्क झाले. बॉस मंडळी मी पुष्कळ बघितली. कानावर आलेली कुजबुज वापरल्याशिवाय सोडणारा बॉस मला आठवत नाही. आणि इथं सगळ्यात वरची बाई म्हणत होती की मला जास्त कळलंय, म्हणून मी बाहेर. मला हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि सांगायला समोर दोनच बायका होत्या, ज्यांना त्यात विशेष काहीच वाटत नव्हतं. निर्मलानं विचारलं, कुरडयांचा गरम चीक खाणार का. तीळ घालून, मीठ घालून दिला. मी दोन वाट्या खाल्ल्या.

गुरुवारचं सत्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालं, हे मी बढाई म्हणून नाही, हकीकत म्हणून सांगते. मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' प्रत्येकानं आपल्या उमेदवाराचा रिपोर्ट घ्यायचा, प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारायचा. सव्वीस रिपोर्टांत 'प्रार्थनाशील, आज्ञाधारक, नम्र' हे तीन शब्द होतेच होते, जणू एकाच छापखान्यातून आलेले. कशावरून नम्र? कधी दिसलं? कुणाशी वागताना? एक फादर वैतागून म्हणाले की मॅडम, याच्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही असं दिसतंय. मी म्हटलं, हेच कळायला हवं होतं. दुपारी तर लोक आपसात भांडू लागले की ही बघितलेली गोष्ट आहे की ऐकलेली, आणि फादर लुकस खुर्चीवरून उठून न्यायनिवाडा करत फिरत होते. चहाची घंटा झाली तरी कुणी हलेना.

सिस्टर अर्चना कोपऱ्यात एकटी लिहीत होती. मला तिनं मजकूर दाखवला नाही, मी मागितला नाही. अडलं की येऊन फक्त विचारायची, एखाद्या गोष्टीचा राग येणं लिहायचं का. दिसला असेल तर लिहा, म्हटलं. मग तो गेला कसा, तेही दिसलं असेल तर तेही लिहा. संध्याकाळी तिनं घरी जाऊन तो रिपोर्ट निर्मलालाच वाचून दाखवला. ही कल्पना तिची, माझी नव्हे. दुसऱ्या दिवशी मला सांगत होती की निर्मलानं एकाच ठिकाणी हरकत घेतली. स्वयंपाकघरातलं भांडण तीनदा नाही, दोनदाच झालं. अर्चनानं वही काढून तपासलं. दोनदाच होतं. दुरुस्त केलं.

शनिवारी मला काहीच सुचत नव्हतं. कोर्स शुक्रवारी संपला होता, माझं काम संपलं होतं, तरी सकाळपासून फोन हातात. नवरा म्हणाला, पोरीचा निकाल असल्यासारखी काय करतेस. दुपारी दोनच्या सुमाराला सिस्टर अर्चनाचा फोन आला.

"झालं, मॅडम. चारही मतं मिळाली."

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या बाई दारात आल्या. मग तिनं बाकीचं सांगितलं. व्रत मागणाऱ्या मुलीनं स्वतःच्या हातानं एक विनंतीपत्र लिहायचं असतं, मला व्रत घेण्याची परवानगी द्या म्हणून. दोन-चार ओळींचं असतं, बहुतेक मुली जुन्या पत्रांवरून उतरवून काढतात. निर्मलानं तीन पानं लिहिली होती. नवव्या रकान्यातली ती सगळी गोष्ट तिनं स्वतःच लिहून दिली, आणि कौन्सिलला पाठवण्याआधी सिस्टर अर्चनाला वाचायला दिली.

"मी लिहिलं व्हतं तेच तिनं लिहिलं, मॅडम," अर्चना म्हणाली. "तसूभर वेगळं नाय. तेच वाचून त्यांनी तिला घेतलं."



त्यानंतर महिन्याभरात वाळूजच्या माझ्या जुन्या कारखान्यात मी त्यांचा अप्रेझलचा फॉर्म सुधारून द्यायला गेले. तिथं तो रकाना होताच, कारण फार पूर्वी तो मीच घातला होता. मी तो काढून टाकला. त्यांचा एचआर मॅनेजर हुशार, चटपटीत माणूस. त्यानं विचारलं, "मग मॅडम, ही माहिती मिळवायची कुठून?"

"मिळवायचीच नाही," मी म्हटलं. त्याला वाटलं, मॅडमचं वय झालं.

हा लेख छापायला देण्याआधी मी निर्मलाला वाचायला दिला. आता ती सिस्टर निर्मला आहे, हे नाव अर्थातच खरं नाही. तिनं नीट वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि एका वाक्यावर आडवी रेघ मारली. माझ्या मते ते लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. मी तिला तसं सांगूनही बघितलं.

"असंल," ती म्हणाली. "पण ते माझं हाय."

ते काढलं आहे.